एका मिनिटात आठवतील तेवढी फळं

माझे वडील आंब्याला नुसतं आंबा कधी म्हणत नसत. लहानपणी आम्हा भावंडांना त्याचा भारी वैताग यायचा. शाळेतून भुकेने कळवळत घरी यावं, बाबा, आंबा द्या म्हणावं, की त्यांचा प्रश्न ठरलेला: कुठला? अहो, हाताला लागेल तो द्या ना. पण छे. पायरी हवी असेल तर पायरी म्हणायचं आणि बिटकी हवी असेल तर बिटकी. नाव घेतल्याशिवाय आंबा मिळायचा नाही.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावी घरामागे पंचेचाळीस झाडं. बाबांचा धंदा कलमं बांधून विकण्याचा, त्यामुळे वीसेक झाडं हापूसची होती. उरलेली पंचवीस मात्र त्यांनी हौसेने जमवलेली आणि एकासारखं दुसरं नाही. पायरीला खाली चोच असते, हापूसला नसते आणि त्याचा एक खांदा उंच असतो, एवढं तर आम्हाला अक्षरओळखीच्या आधी पाठ होतं. पण बाबांचं तेवढ्यावर भागायचं नाही. विहिरीवरची बिटकी लिंबाएवढी, आत कोयच जास्त, पण चोखायला तिच्यासारखी दुसरी नाही. दगडी बांधाच्या गडग्याजवळच्या रायवळाच्या सालीला शेपूचा वास. एक भोपळ्या, एकेक फळ दोन्ही हातांत धरावं लागे. एक शेंदऱ्या, देठापाशी लालभडक आणि आत पांढुरका. एकाची पालवी तांबूस, दुसऱ्याची पोपटी, तिसऱ्याच्या पानाच्या कडा नागमोडी. बाबा डोळे मिटायचे, आम्ही पान चुरगळून त्यांच्या नाकापुढे धरायचं आणि त्यांनी झाड सांगायचं. ते चुकल्याचं मला आठवत नाही.

ते म्हणायचे, रायवळाची कोय रुजवली तर आईसारखंच झाड येईल याचा काही भरवसा नाही. म्हणून असं प्रत्येक झाड जगात एकच असतं आणि ते गेलं की गेलं. आम्ही हो हो म्हणायचो आणि पळायचो.

या सगळ्याला कंटाळून मी डॉक्टर झाले, असं मी इथल्या मराठी मंडळींत हसत हसत सांगते. गेली बावीस वर्षं मी साउथहॅम्प्टनला ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल देते. धाकटा भाऊ वॉटफर्डला असतो, कॉम्प्युटरमध्ये. आईबाबांना इथे राहायची कायमची परवानगी आम्ही फार पूर्वी, नियम कडक व्हायच्या आधीच काढून ठेवली होती. ती टिकावी म्हणून एक उन्हाळा आड ते दोघं इकडे यायचे, थंडीने कुडकुडायचे आणि पळून जायचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्या हिवाळ्यात मी बाबांना बळेच इकडे आणलं. येताना त्यांनी एकच अट घातली होती. आंबे उतरवायच्या आत मला परत पोचवायचं. मी हो म्हटलं होतं.

आणि मग ते विसरायला लागले. म्हणजे मला तसं वाटलं. एकदा गॅसवर दूध ठेवून बागेत गेले. एकदा चुकीच्या बसमध्ये बसले आणि बंदरावर उतरून तीन तास बोटी बघत राहिले, फोन घरीच. एकदा मी कामावरून आले तर म्हणाले, तुझी आई अजून उठली नाही वाटतं. आता वाटतं, पन्नास वर्षांची सोबतीण गेल्यावर माणूस दूध विसरणार नाही तर काय करणार? पण मी पडले डॉक्टर. मला दुःख दिसलं नाही, मला लक्षणं दिसली.

जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, मागे लागून मी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट मिळवली. एप्रिल होता. बाबांचं परतीचं तिकीट पंधरा दिवसांवर आलं होतं आणि त्यांची बॅग भरून पलंगाखाली तयार होती. मी आणि भाऊ फोनवर रोज तेच दळण दळत होतो: त्यांना तिथे एकटं कसं सोडायचं, रात्रीबेरात्री काही झालं तर कोण बघणार. बाबांना तोंडावर जाऊ नका म्हणायची हिंमत दोघांतही नव्हती. डॉक्टरच नको म्हणाले तर बरं होईल, असं भाऊ एकदा बोलून गेला. मी त्याच्यावर खेकसले. पण माझ्याही मनात तेच होतं, हे आज लिहून टाकते.

क्लिनिकमध्ये मराठी दुभाष्याची सोय केली होती. पण फोन लागला तेव्हा पलीकडची बाई गुजराती बोलणारी निघाली. डॉक्टर तरुण, गोड मुलगी, ती बिचारी ओशाळली आणि तारीख बदलून घेऊ या म्हणाली. नातेवाइकांनी दुभाष्याचं काम करायचं नसतं, हा नियम मला माहीत होता. माझ्या स्वतःच्या पेशंटांच्या बाबतीत मी तो काटेकोर पाळते. पण तारीख बदलली असती तर बाबा निघून गेले असते. माझ्या गळ्यात हॉस्पिटलच्या ओळखपत्राची पट्टी होतीच. मी म्हटलं, मी करते की, मीही डॉक्टरच आहे. ती हो म्हणाली.

सुरुवात चांगली झाली. आता ऋतू कोणता, असं तिने विचारलं. बाबांनी खिडकीबाहेरच्या भुरभुर पावसाकडे बघितलं आणि म्हणाले, इथलं मला कळत नाही, पण आमच्याकडे मोहोर गळून कैरी भरायचे दिवस. मी इंग्रजीत सांगितलं, वसंत ऋतू म्हणताहेत. तिने बरोबरची खूण केली. म्हणजे मला भाषांतर येत होतं. ते किती समजून करायचं, हेही येत होतं. पुढे जे केलं ते येत नव्हतं म्हणून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

मग ती म्हणाली, आता एका मिनिटात आठवतील तेवढी फळं सांगा. घड्याळ लावलं. मी बाबांना सांगितलं. ते खुर्चीत सरसावून बसले. इतका वेळ पडलेला चेहरा एकदम उजळला. सगळी, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हो, सगळी.

त्यांनी डोळे मिटले आणि बागेत शिरले. मला ते स्पष्ट कळलं, कारण ती वाट मलाही पाठ आहे. बेड्यातून, बागेच्या फाटकातून, आत गेलं की डावीकडे पायरी. पायरी, ते म्हणाले, चोचवाली. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मँगो. तिने लिहिलं. मग शेंदऱ्या. तिने परत माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मँगो. मग भोपळ्या, मग कुयरीसारखा वाकडा तो, मग शेपूचा. बाबा हाताने आकार दाखवत होते, बोटांनी चोच करून दाखवत होते, खांदा वर करून दाखवत होते. मी मँगो, परत मँगो म्हणत होते आणि माझा आवाज चढत होता. तिचं पेन थांबलेलं होतं. मला लाज वाटायला लागली. बाबा, फळं विचारलीत, तुमची बाग नाही, असं ओरडावंसं वाटत होतं. डोंबलाचा शेपूचा आंबा. सफरचंद म्हणा, केळं म्हणा, पेरू म्हणा, संपवा.

शेवटी मी खांदे उडवले आणि इंग्रजीत म्हणाले, "ते नुसतं मँगोच म्हणताहेत."

तिने मान हलवली. कागदावर एकचा आकडा लिहिला आणि त्याला गोल केला. मिनिट संपल्याची घंटी झाली तेव्हा बाबा विहिरीपाशी पोचले होते. ते डोळे उघडून म्हणाले, अजून खालची अर्धी बाग राहिली. ते मी तिला सांगितलं नाही.

एक वाक्य पुरलं असतं. ही एकेका जातीची नावं आहेत, हे आयुष्यभर हेच करत आले आहेत, एका मिनिटात यांनी चौदा झाडं सांगितली. ती हुशार मुलगी होती, तिला लगेच कळलं असतं. कदाचित ती हसली असती, कदाचित तिने बाबांना आणखी काही विचारलं असतं. मी ते वाक्य बोलले नाही. रागामुळे बोलले नाही, असं मी कितीतरी महिने स्वतःला सांगत होते. राग तर होताच. पण रागाच्या आडून माझं काम होत होतं, म्हणून मी तो राग येऊ दिला.

रिपोर्ट आला. इतर बऱ्याच गोष्टी ठीकठाक होत्या, पण शब्द सुचण्याची क्षमता फारच कमी झालेली, एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात, एकटं राहणं सध्या योग्य नाही, वर्षभराने पुन्हा तपासू या. भावाने वॉटफर्डहून फोन केला. त्याचा आवाज रडवेला होता.

"ताई, तू होतीस ना तिथे? खरंच बाबांनी एकच फळ सांगितलं?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला जीभ जराही अडखळली नाही.

तिकीट रद्द केलं. बाबांना सांगितलं की डॉक्टर नको म्हणतात, वर्षभर थांबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पलंगाखालून बॅग ओढली आणि कपडे एकेक करून परत कपाटात लावले. मी मदतीला गेले तर लहानपणी हाक मारायचे तसं म्हणाले, राहू दे, बाय, मला येतं.

बाग शेजारच्या वाडीतल्या एका बागायतदाराला कराराने कसायला दिली. कागदपत्रं आमच्या नावावर होतीच. आम्हाला वाटलं, झाडांकडे कुणी बघितलं म्हणजे झालं. पावसाळा तोंडावर आला असताना त्याचा फोन आला. मी दोन ऑपरेशनांच्या मधे, हातात सँडविच. तो म्हणाला, ताई, ही जी सटरफटर झाडं आहेत ती नुसती जागा अडवतात, बाजारात यांना कुत्रं विचारत नाही, वरून तोडून त्यांच्यावर हापूस बांधू का? मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. त्याने विचारलं, बाबांना एकदा विचारता का? मी म्हटलं, त्यांना आता काही आठवत नाही.

सप्टेंबरात त्याने फोटो पाठवले. एका ओळीत कापलेले बुंधे, त्यांच्यावर कोवळे धुमारे आणि प्रत्येक धुमाऱ्याला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली हापूसची काडी. काम अगदी स्वच्छ केलं होतं. मी फोटो मोठा करून विहीर शोधली. विहिरीवर सावली नव्हती. मी तो फोटो बाबांना दाखवला नाही आणि भावालाही पाठवला नाही.

ते वर्ष बाबांनी फार शहाण्यासारखं काढलं. दूध उतू गेलं नाही, बस चुकली नाही. दर गुरुवारी माझ्याबरोबर सुपरमार्केटला यायचे. दारातून आत गेल्या गेल्या फळांचा विभाग, तिथून त्यांचा पाय निघायचा नाही. एकेक फळ उचलायचे, वरची चिठ्ठी वाचायचे, पुटपुटायचे, खाली ठेवायचे. हे काय गं, असं मला विचारायचे. मी सांगायचे, ब्लूबेरी. हे? नेक्टरीन. पुढच्या गुरुवारी परत तेच. मला वाटायचं, गेल्या वेळचं विसरले. मनात पाल चुकचुकायची आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं, की आपण केलं ते चुकीचं नव्हतं. एकदा त्यांनी हातात एक मोठा हिरवा-लाल आंबा धरला होता, कुठल्या तरी लांबच्या देशातून आलेला. चिठ्ठीवर नुसतं मँगो. ते म्हणाले, याला नावच दिलं नाही यांनी. मी घाईत होते. मी म्हटलं, चला ना बाबा, पार्किंगची वेळ संपेल.

गेल्या महिन्यात पुन्हा बोलावणं आलं. तीच डॉक्टर, तीच खोली. या वेळी दुभाषी बाई फोनवर वेळेवर हजर होत्या आणि स्वच्छ मराठी बोलत होत्या. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मधे बोलू नका अशी ताकीद दिली. तारीख, वार, पत्ता, उलटे आकडे, सगळं बाबांनी सावकाश पण नीट सांगितलं. मग तो प्रश्न आला. एका मिनिटात आठवतील तेवढी फळं.

या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. डोळे मिटले. सफरचंद, म्हणाले. पेअर. केळं. संत्रं. लिंबू. द्राक्षं, हिरवी. द्राक्षं, काळी, पण ते एकच धरा. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लूबेरी. प्लम. पीच. नेक्टरीन. दुभाषी बाई एकेक नाव इंग्रजीत सांगत होत्या आणि डॉक्टरचं पेन भराभर चालत होतं. पेअर म्हणाले तेव्हाच मला उमगलं की ते कुठे चालताहेत. दारातून आत, डावीकडे सफरचंदं, मग पेअर, मग केळ्यांचा मांडव. प्रत्येक गुरुवारी ते ही वाट पाठ करत होते. नेक्टरीनच्या पुढे कोपरा आहे, तिथे मँगोची टोपली असते. बाबा क्षणभर थांबले. मग ती टोपली ओलांडून पुढे गेले आणि म्हणाले, किवी.

मिनिट संपेपर्यंत एकवीस फळं झाली. आंबा एकदाही नाही.

डॉक्टर खूश झाली. म्हणाली, फारच छान, गेल्या वर्षी कदाचित पत्नी जाण्याचा धक्का असेल, किंवा भाषेची अडचण. भाषेची अडचण म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझीच मान वर होईना. ती म्हणाली, तब्येत सांभाळून यांना हवं तर काही महिने घरी जायला हरकत नाही. दुभाषी बाईंनी ते मराठीत सांगितलं. बाबांनी फोनला हात जोडले.

गाडीत बसलो. मी चावी लावली, पण सुरू केली नाही. बाबांनी पट्टा लावला, छातीवर सारखा केला आणि विचारलं:

"पास झालो ना? मग तिकीट काढ. आता निघालो तर बिटकी तरी हाताला लागेल."

मी म्हटलं, बाबा, गेल्या वर्षी मी तिला नीट सांगितलं नाही. तुम्ही झाडं सांगत होतात आणि मी... ते म्हणाले, अगं, मँगो एवढं इंग्रजी मला कळतं. सांगताना आवाजात राग नव्हता. म्हणाले, तुला मी इथे हवा होतो, ते मला दिसत होतं. म्हटलं, पोरीचं ऐकावं एक वर्ष. पुढच्या वेळी यांना हवी तशी फळं सांगू.

इथे मी रडले असं लिहिलं तर मला जरा बरं वाटेल, पण मी रडले नाही. मला घाई झाली होती. ते आणखी काही बोलायच्या आत सांगून टाकायचं होतं, नाहीतर मी परत गप्प बसले असते, तिकीट काढलं असतं आणि बेड्याशी उभं राहून ते सगळं त्यांना एकट्याला बघावं लागलं असतं. मी समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. बागायतदाराचा फोन, माझं उत्तर, पावसाळा, फोटो. मग मोबाइल काढून फोटोही दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. कितीतरी वेळ बघत होते. काडी कशी बांधली आहे ते बघत होते की काय, कोण जाणे. बोटाने पडदा सरकवत सरकवत ते विहिरीपर्यंत गेले.

"विहिरीवरची बिटकी?"

"तीपण."

"आणि शेपूचा? तो तर गडग्यावर होता, कुणाच्या वाटेत नव्हता."

"सगळी, बाबा."

"सगळ्यांवर हापूसच?"

मी हो म्हणाले.

त्यांनी मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. पार्किंगमध्ये एक बाई ढकलगाडीतल्या बाळाला टोपी घालत होती, तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग कुणाला तरी समजावून सांगावं तसं, अगदी सरळ आवाजात म्हणाले:

"मग गेल्या वर्षी तू तिला बरोबरच सांगितलंस, बाय. एकच."